एफए कपचा हंगाम वहीत कसा मांडावा (२०२४-२५)

एफए कप ही इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांची बाद फेरीची स्पर्धा. वर्ल्डकपसारखा सगळा तक्ता आधीच आखायला जाऊ नका, हमखास फसतो. इथे मानांकन नसतं आणि उपांत्य फेरीपर्यंत प्रत्येक फेरीचा ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याची सोडत) नव्याने निघतो. फक्त प्रत्येक फेरीतल्या संघांच्या संख्येप्रमाणे रकाने आखून ठेवा: ८०, ४०, ६४, ३२, १६, ८, ४, २.

४० नंतर ६४ पाहून गोंधळू नका. पहिल्या फेरीत लीग वन व लीग टूचे (तिसरा आणि चौथा स्तर) ४८ संघ आणि पात्रता फेऱ्यांतून आलेले ३२ खेळतात. दुसरी फेरी संपते तेव्हा २० उरतात. प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिपचे (वरचे दोन स्तर) ४४ संघ तिसऱ्या फेरीत, जानेवारीत येतात. खरी मजा इथूनच!

ड्रॉमध्ये आधी निघालेला संघ यजमान, म्हणून तो डावीकडे लिहा. उपांत्य सामने आणि फायनल लंडनच्या वेम्बली मैदानावर.

निकालाशेजारी 'जादा वेळ' आणि 'पेनल्टी' असे दोन छोटे रकाने हवेतच. या हंगामापासून पहिल्या फेरीपासूनचे रिप्ले (बरोबरी झाली तर पुन्हा खेळायचे सामने) बंद झाले. पाचव्या स्तरातल्या टॅमवर्थने प्रीमियर लीगच्या टॉटनहॅमला ९० मिनिटं ०-० रोखलं, पण जादा वेळेत ०-३ हरले. आधीच्या नियमाने त्यांना टॉटनहॅमच्या मैदानावर दुसरा सामना मिळाला असता. छोट्या क्लबचं हे मोठंच नुकसान.

भारतातून बघताना जानेवारीत इंग्लंडच्या वेळेत साडेपाच तास मिळवा, एप्रिल-मेमध्ये साडेचार. १७ मे २०२५ ची फायनल तिकडे दुपारी साडेचारला, म्हणजे इथे रात्री नऊला होती. शेवटच्या ओळीत लिहा: क्रिस्टल पॅलेस १, मँचेस्टर सिटी ०, गोल एझे, १६ वे मिनिट.