एक वाट कानाला, एक वाट गावाला : पहिला डीजे कंट्रोलर घेण्याआधी

आमच्याकडं डीजे म्हणजे माणूस नव्हे, गाडी. 'डीजे आला का?' याचा अर्थ टेम्पोवर रचलेले बेसचे मोठे स्पीकर, त्यावर टॉप म्हणजे वरचे स्पीकर आणि मागं धडधडणारा जनरेटर, हे सगळं फाट्यावर आलं का. म्हणून अहमदपूरकडच्या आमच्या घरी मी पहिल्यांदा 'मला डीजे व्हायचंय' म्हणलं तेव्हा आईला वाटलं, पोरगं टेम्पो काढायला निघालं. लातूरला मी आलो होतो नीटच्या तयारीला. ट्यूशन एरियात दोन वर्षं काढली, मार्क किती पडले ते विचारू नका. लातूर पॅटर्न डॉक्टर घडवतो म्हणतात. डीजेचा पॅटर्न अजून कुणी काढला नाही, म्हणून मी जिथं आपटलो तिथलं लिहून ठेवतोय.

बीपीएम (मिनिटाला किती ठोके) काय, क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर जायची सरकपट्टी) काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. मोबाईलवर एखादं ॲप खेळून झालं असेल. आता हातात दहा ते तीस हजार आहेत आणि रोज रात्री व्हिडिओ बघून डोकं फिरायलंय. तुमच्यासाठीच आहे हे.

आधी कडू ते सांगतो. पहिला कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं ते बटणांचं यंत्र, हप्त्यावर घेऊ नका. लगीनसराई चार महिन्यांची, हप्ता बारा महिन्यांचा. आणि नव्या पोराला पहिल्या सीझनला पैसे मिळत नाहीत, जेवण मिळतं.

पण घाबरण्यासारखंही काही नाही, कारण शिकायला कंट्रोलर लागतच नाही. 'मिक्स' नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, स्पेलिंगच्या शेवटी तीन एक्स येतात. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीवर चालतं, आणि फुकट म्हणजे खरंच फुकट. मी पहिले सहा महिने त्याच्यावर नुसत्या कीबोर्डनं शिकलो. कीबोर्डवर दोन गाणी जुळवता आली तर कंट्रोलरच्या जॉग व्हीलवर, म्हणजे हातानं फिरवायच्या चकतीवर, जुळतातच. उलटं होत नाही.

आता माझी चूक. ही जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण यातच माझे साडेनऊ हजार गेले. दादांनी, म्हणजे वडिलांनी, सोयाबीन आडतीवर घातलं होतं त्या पट्टीतले पैसे होते ते.

मी जो कंट्रोलर घेतला त्याचं नाव सांगत नाही. दिसायला देखणा होता. दोन जॉग, आठ-आठ पॅड, रंगीत लाइट. व्हिडिओत एक पोरगं त्याच्यावर बोटं नाचवत होतं आणि मी भाळलो. डबा उघडल्यावर त्यात एक वीतभर वायर निघाली, एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन भोकं. एका भोकात हेडफोन लावा, दुसऱ्यातून स्पीकरला द्या, असं चित्र होतं. मला वाटलं कंपनीनं वरून काहीतरी फुकट दिलंय. ती वायर आपल्याला का दिली, हा प्रश्नच मला पडला नाही.

डीजेला आवाजाच्या दोन वेगळ्या वाटा लागतात. एक वाट गावाला, म्हणजे जे गाणं सगळ्यांना ऐकू जातंय ते. दुसरी वाट कानाला, म्हणजे पुढचं गाणं, जे तुम्ही हेडफोनवर आधी ऐकून जुळवून ठेवता. ही दुसरी वाट नसेल तर तुम्ही डीजे नाही, गाणी बदलणारा पाहुणा आहात. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ग्रँडमास्टर फ्लॅशनं हीच अडचण सोडवली होती. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं पोरगं. त्यानं मिक्सरला स्वतःच बटण जोडून घेतलं, जेणेकरून न वाजणारी तबकडी फक्त त्याच्या कानात वाजावी. पन्नास वर्षांपूर्वी त्यानं जी वाट हातानं बनवली, ती सोडून मी बाकी सगळं विकत घेऊन आलो होतो.

लॅपटॉपला आवाज बाहेर पडायची वाट एकच असते. तिच्यात डावा आणि उजवा असे दोन पदर असतात, पण वाट एक. ज्या कंट्रोलरच्या पोटात साउंड कार्ड असतं तो यूएसबीतून आवाज घेतो आणि चार पदर बाहेर काढतो : दोन गावाला, दोन कानाला. ज्याच्या पोटात साउंड कार्ड नाही तो नुसता रिमोट. बटणं दाबतो, आवाजाशी त्याचा संबंध नाही. मग ती वीतभर वायर काय करते? लॅपटॉपचा डावा पदर गावाला देते, उजवा कानाला. गाणं दोन्हीकडं मोनो होतं, पण काम भागतं. घरी माझं भागलं.

मग मावसभावाच्या मित्राच्या हळदीला गेलो. गाव गंगाखेडच्या अलीकडं. सिस्टम दुसऱ्याची, मी फक्त लॅपटॉप आणि कंट्रोलर घेऊन. सिस्टमवाल्या ऑपरेटरनं ती वीतभर वायर बघितली, 'ही काय भंगार लावलीस' म्हणत उपटली आणि आपली जाड, चांगली वायर थेट लॅपटॉपला खुपसली. त्याचं काय चुकलं? काहीच नाही. त्याच्या हिशोबानं लॅपटॉपमधून स्टिरिओ येतो. पण माझं सॉफ्टवेअर अजून पदर फाडूनच बसलेलं. पहिलं गाणं लागलं ते फक्त डाव्या टॉपवर. उजवीकडं सामसूम. ऑपरेटरला वाटलं वायर ढिली आहे, त्यानं उजवीकडचा गेन, म्हणजे आवाजाची पातळी, पार वर चढवली. आणि नेमक्या त्याच वेळी मी हेडफोन कानाला लावून पुढचं गाणं चाचपायला घेतलं. हेडफोनमध्ये काही येईना म्हणून आवाज वाढवला.

डावीकडं हळदीचं गाणं, उजवीकडं त्याच्या दुप्पट आवाजात दुसऱ्याच गाण्याचा मधलाच तुकडा, पुढं-मागं, पुढं-मागं. नाचणारे थांबले. नवरदेवाचा मामा अंगाला हळद लागलेली तशीच घेऊन माझ्याजवळ आला आणि एकदम शांतपणे म्हणला, "बाळा, एकच लाव की. दोन-दोन कामून लावायलास?"

त्यानंतर अर्धा तास ऑपरेटरनं पेनड्राइव्हवर गाणी लावली. मी खुर्च्या उचलू लागलो.

दादांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी आयुष्यभर हंडरगुळीच्या बाजारातून बैल आणलेत. म्हणले, "दात बघितले नाहीस." बैल घेताना माणूस आधी जबडा उघडून बघतो, दोन दाती आहे का चार दाती, का जुळलाय. शिंगं रंगवलेली सगळ्यांचीच असतात. कंट्रोलरचे दात त्याच्या मागच्या आणि पुढच्या कडेला असतात. जॉगकडं, पॅडकडं, लाइटकडं बघायच्या आधी तो उलटा-पालटा करा. मागं 'मास्टर' लिहिलेली तांबडी-पांढरी आरसीएची जोडी, म्हणजे स्पीकरकडं वायर न्यायची दोन गोल भोकं, आहे का? हेडफोनचं वेगळं भोक कंट्रोलरवरच आहे का? दोन्ही असतील तर पोटात साउंड कार्ड आहे. ऑनलाइन घेत असाल तर पुढचा फोटो बघूच नका, मागचा उघडा. मागचा फोटोच टाकला नसेल तर पान बंद करा.

ज्यांनी आधीच माझ्यासारखा रिमोट घेतलाय त्यांनी रडायचं कारण नाही. काही शे रुपयांत अंगठ्याएवढं यूएसबी साउंड कार्ड मिळतं. मिक्सच्या साउंड हार्डवेअरच्या सेटिंगमध्ये मेन आउटपुट एका कार्डाला आणि हेडफोन दुसऱ्या कार्डाला जोडता येतो. झाल्या दोन वाटा, त्याही स्टिरिओ. मी वर्षभर असंच चालवलं. लग्नात असली जुगाडी मांडणी नेऊ नये असं माझं मत, घरी शिकायला मात्र उत्तम.

आणि हो, ब्लूटूथ हेडफोन नको. अजिबात नको. १२० बीपीएमचं गाणं असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे ५०० मिलिसेकंदांचा. ब्लूटूथमध्ये दीडदोनशे मिलिसेकंद सहज मागं पडतात. तुम्ही कानात जुळवलेलं गाणं गावात गेल्यावर अडखळणारच. वायरचा साधा, कान झाकणारा हेडफोन घ्या. विंडोजवर आवाज फुटत असेल तर कंट्रोलरच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरानं नेणारं छोटं सॉफ्टवेअर) टाका आणि बफर, म्हणजे आवाज क्षणभर साठवायचा कप्पा, ५१२ ला ठेवून बघा, ४४.१ किलोहर्ट्झला तो साधारण साडेअकरा मिलिसेकंदांचा उशीर होतो, हाताला जाणवत नाही.

मग घ्यायचं काय? पैसे थांबवता येत असतील तर थांबवा आणि पायोनियरच्या डीडीजे-एफएलएक्स४ च्या आसपास जा. साउंड कार्ड आत आहे, यूएसबीवरच चालतो, वेगळा ॲडॉप्टर लागत नाही, आणि तो जोडला की रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरची परफॉर्मन्सची, म्हणजे थेट वाजवायची, सोय उघडते. सेराटो डीजे लाइट हे सॉफ्टवेअरही चालतं. त्याच्या आधीचा डीडीजे-४०० जुन्यात सापडला तरी वाईट नाही. हर्क्युलिसचा इनपल्स ३०० याच जातीचा, आणि तो ठोके कानानं जुळवायला शिकवणारे लाइट दाखवतो. यापलीकडं मॉडेलांची तुलना करत बसू नका. माझे तीन मित्र गेलं वर्षभर तुलनाच करायलेत.

सॉफ्टवेअरबद्दल एकच. गावात कुणीतरी पेनड्राइव्हवर क्रॅक, म्हणजे चोरटी प्रत, देतोच. व्हर्च्युअल डीजे हे सॉफ्टवेअर कंट्रोलरशिवाय घरगुती वापराला तसंही फुकट आहे, कंट्रोलर जोडायचा किंवा कमाई करायची तर परवाना लागतो. मोफत आणि कायदेशीर पर्याय समोर असताना ज्या लॅपटॉपवर तुमची सगळी गाणी आहेत त्यात दुसऱ्याचा व्हायरस का घ्यायचा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

सिंक बटणावरून, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणाऱ्या बटणावरून, माझं लोकांशी वाजतं. सिंक वापरणं पाप नाही. पण आपल्या गाण्यांवर ते फसतं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ढोलकी माणूस वाजवतोय, मशीन नाही. लय मधे चढते, शेवटी पळते, आणि सॉफ्टवेअरनं ठोक्यांवर आखलेली जाळी पहिल्या कडव्यातच सरकते. त्यात दादरा ताल सहा मात्रांचा. सॉफ्टवेअर त्याला चार-चारच्या खणात कोंबतं. एका सहा मात्रांच्या गाण्यावर आठ मात्रांच्या केरव्यातलं गाणं सिंकनं चढवून बघा, दोन बैलगाड्या एकाच पांदीत आल्यागत होतं. तिथं कानच लागतो. आणि कानाला वाट लागते. फिरून तिथंच आलो बघा.

गुरूबद्दल विचाराल तर, मी एका ठिकाणी तीन दिवसांच्या कोर्सला पैसे भरले. प्रमाणपत्र मिळालं, त्यावर माझं नाव चुकलेलं आहे. खरं शिकवलं ते हळदीतल्या त्याच ऑपरेटरनं. पुढच्या आठवड्यात मी लाजत फोन केला, तर म्हणला, "ये की, वायरी गुंडाळायला कुणी नाहीच." पुढं दोन सीझन मी त्यांच्या गाडीवर वायरी गुंडाळल्या. लाल लाइट लागला की आवाज मोठा होत नाही, फाटतो. कंट्रोलरवर हिरव्यातच राहायचं, वाढवायचं ते सिस्टमवाल्यानं. आरसीएची वायर लांब ओढली की घुंऽऽ येतं, म्हणून मिक्सर आपल्याजवळ मागून घ्यायचा. घुं तरीही राहिलं तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघायचा. आमच्याकडच्या अर्थिंगमुळं निम्म्या वेळा तेवढंच कारण असतं. आरसीएतून मोठ्या जॅकला जाणाऱ्या दोन वायरी कायम पिशवीत ठेवायच्या, दुकानात 'पी-३८' म्हणून मागायच्या. हे कुठल्याच कोर्सात नव्हतं.

गाण्यांचं थोडक्यात : व्हिडिओवरून उतरवलेलं गाणं ३२० केबीपीएसला बदललं म्हणून चांगलं होत नाही, फाइल फक्त जाड होते. मोबाईलवर कळत नाही, टॉपवर कळतं. आणि रात्री १० नंतर स्पीकर बंद. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत; वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, आणि कुणाच्या पोराची हळद त्यात बसत नाही. 'अजून एकच' म्हणणारा पाहुणा पोलीस आल्यावर सापडत नाही.

दुसरा कंट्रोलर मी जुना घेतला, संभाजीनगरच्या एका पोराकडून. एक सीझन करून त्यानं नोकरी धरली होती. जाताना स्वतःचा लॅपटॉप, हेडफोन आणि त्या दोन वायरी घेऊन गेलो. जुना घेताना यूएसबीची पिन हलवून बघा, आवाज तुटतो का. क्रॉसफेडर एका टोकाला नेऊन बघा, दुसरं गाणं झिरपतं का. प्रत्येक फेडर सावकाश सरकवा, खरखर ऐका. हे सगळं मी केलं. दादा सोबत होते. पोरगं पॅडवर लाइट नाचवून दाखवत होतं, दादा बशीतला चहा पीत होते. चहा संपल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली, कंट्रोलर उचलून उलटा धरला आणि बोट लावून विचारलं, "ह्यातलं कानाचं कुठलं आन् गावाचं कुठलं?"

पोरानं दोन्ही दाखवली. मग दादांनी भाव करायला घेतला. अठरा सांगितलेला साडेतेराला सुटला.