आई-बाबांच्या घरातून भाड्याच्या घरात: निघण्याआधीचे सहा महिने

नोकरी लागून तीन-चार वर्षं झाली, पगार बरा आहे, तरी वेगळं राहायचं पुढे ढकललं जातं. बऱ्याचदा अडचण पैशांची नसते. आपल्यावर महिन्याला किती खर्च होतो, हेच ठाऊक नसतं. दूध, किराणा, वीज, गॅस, कामाच्या मावशींचा पगार, सगळं बाबांच्या खात्यातून जातं. म्हणून आधी घर शोधू नका, घरातली बिलं मागा. पहिला महिना फक्त ती लिहून काढा.

दुसऱ्या महिन्यापासून लुटुपुटीचं भाडं सुरू करा. ज्या भागात राहायचंय तिथलं भाडं १५,००० असेल, तर पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात आपोआप वळती होऊ द्या. शिवाय घरचं वीजबिल आणि इंटरनेट स्वतः भरा. आईच्या हातात रोख देऊ नका. ती ते पैसे तुमच्याच नावाने एफडीत टाकण्याची शक्यता दाट असते. पाच महिन्यांत ७५,००० जमतील. तीन महिन्यांचं डिपॉझिट ४५,०००, एजंटची दलाली १५,००० आणि पहिलं भाडं १५,०००, हिशोब तिथेच बसतो. टेम्पो, गादी, भांडी यांचे वेगळे धरा. मुंबईत डिपॉझिट जास्त मागतात, तिथे आणखी काही महिने लागतील. मधेच या खात्याला हात लावावा लागला, तर ते भाडं तुम्हाला झेपणारं नाही. रूममेट शोधा किंवा थोडं लांबचं घर बघा.

स्वयंपाकाची भीती उगाच मोठी वाटते. खरी फजिती खरेदीत होते, कारण डोळ्यांसमोर चौघांच्या घरातली मापं असतात. दोन्ही वेळा घरी जेवणाऱ्या एकट्या माणसाला महिन्याला तांदूळ ३ किलो, कणीक ४-५ किलो, तूरडाळ १ किलो आणि तेल १ लिटर पुरतं. पावसाळ्यात त्याहून जास्त भरलं, तर डाळीत किडे होतात. गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं.

घर पसंत पडलं की करार. ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक काळ राहू देण्याचा परवाना, बोलीभाषेत भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ तसं सांगतं आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. 'नोटरी करू, चालतं' म्हणणाऱ्या एजंटला हे कलम ऐकवा. स्टॅम्प ड्युटी एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी मिळालं असं धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते, म्हणजे वरच्या उदाहरणात सव्वाचारशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,०००. बाकी जे मागतात त्यातली बरीचशी एजंटची मजुरी. ती कोण भरणार, हे टोकन देण्याआधी ठरवा. करारात लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही), नोटिशीचा काळ आणि घर सोडताना रंगाचे पैसे कापणार का, या तीन ओळी नीट वाचा. डिपॉझिटवरून वाद बहुधा रंगामुळेच होतो.

चावी मिळाल्याच्या दिवशी, सामान आत येण्याआधी, भिंती, नळ, गीझर, पंखे यांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा. वीजमीटरच्या आकड्याचा फोटोही, नाहीतर आधीच्या भाडेकरूची थकबाकी तुमच्या गळ्यात पडते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे गेली का, तेही विचारा.

घरी सांगायचं ते टोकन देण्याआधी, आई-बाबांना एकत्र बसवून. 'मला स्वातंत्र्य हवंय' म्हटलं की त्यांना आपलं काय चुकलं असं वाटतं. त्यापेक्षा भाग, भाडं, ऑफिसचं अंतर आणि तारीख सांगा, आणि घरची जी बिलं तुम्ही भरताय ती पुढेही भरणार का, तेही. नातेवाइकांना कोण सांगणार, हे तिथेच ठरवून टाका. आत्याला बाहेरून कळलं तर बोलणी आईला खावी लागतात.

एक राहिलं: मेडिक्लेम. अनेक फॅमिली फ्लोटरमध्ये (अख्ख्या कुटुंबाच्या एकाच पॉलिसीत) मुलांचं कव्हर पंचविशीला संपतं. बाबांच्या पॉलिसीत तुम्ही अजून आहात का, हे बघा आणि नसाल तर सामान हलवण्याआधी स्वतःची घ्या.