भूकंपोत्तर धक्क्यांवरून भ्रंशप्रतल कसे शोधावे
२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपात मुख्य भ्रंश, म्हणजे खडक ज्या भेगेवर सरकले ती, जमिनीवर उघडा पडला नाही. तो दक्षिणेकडे तीव्र उताराने खाली गेलेला आहे, हे प्रामुख्याने नंतरच्या धक्क्यांच्या नाभींवरून, म्हणजे ते जमिनीखाली जिथे उगम पावले त्या जागांवरून, उमगले.

नाभींचा असा नकाशा करण्यासाठी प्रथम प्रत्येक धक्क्याच्या प्राथमिक (आधी पोहोचणाऱ्या) व दुय्यम (मागाहून येणाऱ्या) लहरी निरनिराळ्या भूकंपमापन केंद्रांवर केव्हा पोहोचल्या, ते अचूक टिपावे. दोहोंतील अंतर एका सेकंदाचे असल्यास नाभी त्या केंद्रापासून ढोबळमानाने आठ किलोमीटर दूर असते. चार केंद्रांच्या नोंदींवर स्थान काढता येते. मात्र खोली विश्वसनीय हवी असेल, तर निदान एक केंद्र धक्क्याच्या जवळजवळ माथ्यावर असावे, आणि इथेच बहुतेक नकाशे फसतात. नंतर शेजारच्या धक्क्यांच्या आगमनवेळांतील फरक वापरून त्यांची परस्परसापेक्ष स्थाने सुधारावीत, म्हणजे विस्कळीत दिसणारा ठिपक्यांचा ढग आटून पातळ होतो.

आता भ्रंशाच्या दिशेला काटकोनात उभा छेद काढावा व त्यातील ठिपक्यांच्या पट्ट्याचा उतार मोजावा. मुख्य धक्क्याच्या नाभीय यंत्रणेतून (लहरींवरून काढलेल्या, भ्रंश कसा सरकला याच्या चित्रातून) दोन संभाव्य प्रतले मिळतात. त्यांपैकी ठिपक्यांशी जुळणारे खरे मानावे. सर्वाधिक सरकलेल्या भागात पुष्कळदा धक्के विरळ असतात, तेव्हा मधली पोकळी पाहून भ्रंश तुटला असे समजू नये.