घरात ढेकूण, झुरळं, उंदीर किंवा साप निघाला? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात रात्री अकरानंतर येणारे फोन जवळजवळ एकाच वाक्याने सुरू होतात: "दादा, आत्ताच्या आत्ता काहीतरी करा." मी आधी विचारतो, आतापर्यंत तुम्ही काय काय मारलंय? उत्तर ऐकून ढेकणांपेक्षा त्या उत्तराचीच धास्ती वाटते. कुणी रॉकेल ओतलेलं असतं, कुणी कपाशीवर मारायचं औषध चौपट घट्ट करून गादीवर फवारलेलं असतं, आणि मुलं त्याच खोलीत झोपलेली असतात.

एक गोष्ट मनाशी पक्की धरा. मिनिटांचा हिशोब लागतो असे प्रकार दोनच: घरात शिरलेला साप आणि उठलेलं मोहोळ. ढेकूण, झुरळं, उंदीर, वाळवी, मुंग्या हे सगळे सकाळपर्यंत थांबतात. त्यांनी एका रात्रीत तुमचं जेवढं नुकसान होईल, त्याच्या शतपट नुकसान घाईने आणलेल्या औषधाने होतं.

धान्याच्या गोळ्या गादीखाली

ही चूक बघून बघून मी थकलोय. कोठारातल्या धान्याला लावायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या लोक ढेकणांसाठी घरात ठेवतात. कुणीतरी गावाकडचा सांगतो, "चार गोळ्या फडक्यात बांधून गादीखाली ठेव, दार लावून दोन दिवस जा, एक ढेकूण उरणार नाही." हवेतला दमटपणा लागला की गोळीतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण 1 ग्रॅम. कोठारात हे काम ताडपत्री सीलबंद करून, माणसं लांब ठेवून, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली करायचं असतं. म्हणूनच सरकारने या गोळ्यांच्या विक्रीवर निर्बंध घातलेत, तरी त्या सुट्ट्या मिळतात. देणारा दुकानदार आणि मागणारा गिऱ्हाईक, दोघांनाही मी सारखंच दोषी धरतो.

ठाण्याच्या बाजूला एका जुन्या इमारतीतून सकाळी फोन आला होता: जिन्यात विचित्र वास येतोय, उंदीर मेलाय का बघा. दिवस पावसाळ्याचे. पहिल्या मजल्यावरचं कुटुंब दाराला कुलूप लावून गणपतीला कोकणात गेलेलं. वास सडक्या मासळीत लसूण कुटून घातल्यासारखा होता. फोन करणाऱ्या बाई वरच्या मजल्यावर राहत होत्या. मी विचारलं, घरात कुणाला बरं नाही का? म्हणाल्या, "रात्रीपासून सगळ्यांना उलट्या होतायत, बाहेरचं खाल्लं होतं ना." धाकटा मुलगा पलंगावर निपचित होता, हात-पाय गार. मी सगळ्या इमारतीला खाली रस्त्यावर यायला लावलं, 108 ला फोन केला, अग्निशमन दलाला बोलावलं आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांना स्पष्ट सांगितलं की हे जेवणातलं विष नाही, फॉस्फिन असण्याची शक्यता आहे. जवानांनी दार उघडलं तेव्हा गादीखाली फडक्यांच्या पुरचुंड्या होत्या आणि त्यात गोळ्यांची नुसती राखाडी भुकटी उरली होती. वायू पाइपांच्या भोकांतून आणि भिंतीच्या भेगांतून वर गेला होता. मुलगा बरेच दिवस अतिदक्षता विभागात राहून वाचला. या वायूवर उतारा नाही. डॉक्टर फक्त हृदय आणि श्वास चालू ठेवण्याची धडपड करतात.

"वास नाही, म्हणजे वायू नाही" हेही खोटं. शुद्ध फॉस्फिनला वास नसतो, वास येतो तो त्यातल्या अशुद्ध घटकांमुळे. घरात अशा गोळ्या सापडल्या तर पाणी ओतू नका, त्याने वायू झपाट्याने सुटतो आणि पेटूही शकतो. बाहेर पडा, शेजाऱ्यांना, वरच्या-खालच्यांना बाहेर काढा, आणि मगच 112 किंवा 108 लावा.

आता मुळातली गोष्ट. ढेकणांमुळे रोग पसरतो असं सिद्ध झालेलं नाही. खाज येते, झोप उडते, लाज वाटते, पण जीव जात नाही. माझी पद्धत संथ आहे: चादरी-कपडे कडकडीत गरम पाण्यात, गादीच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे वाफेने, मग भेगांमध्ये औषध, आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण पहिल्या खेपेला अंडी वाचतात. "एकाच दिवसात संपवून द्या" म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

साप घरात असताना

दुसरी चूक म्हणजे काठी. साप दिसला की घरातला कुणीतरी मर्द पुढे होतो, मागून दुसरा मोबाइलवर व्हिडिओ काढतो, तिसरा फिनाईल ओततो. चिडलेला साप आडोसा शोधतो आणि मग तो फ्रिजमागे आहे की कपाटात, हेच कळत नाही. काहीच न करता त्याच्यावर लांबून नजर ठेवणं हेच मोठं काम आहे. एका मोठ्या माणसाने सात-आठ फुटांवर उभं राहायचं, बाकीच्यांनी मुलांना आणि कुत्र्याला घेऊन बाहेर जायचं. साप खोलीत असेल तर दार लोटून फटीत ओली चादर दाबायची. मग वनखात्याच्या 1926 ला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन. सर्पमित्राचा नंबर आजच फ्रिजवर लावून ठेवा, साप समोर असताना नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारत बसू नका.

"आमच्या काकांना ओळखता येतं, हा बिनविषारी आहे" यावर विश्वास ठेवू नका. बिनविषारी कवड्या आणि जहाल विषारी मण्यार यांत जाणत्यांचीही गफलत होते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, दातांची खूण बहुतेक दिसतही नाही. पहाटे पोटात कळ येते, गिळायला त्रास होतो, पापण्या जड होतात, आणि घरचे ॲसिडिटीची गोळी देतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्याला असं झालं तर आधी साप चावल्याचा संशय घ्या आणि प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, साप मारून सोबत न्यायचा नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

गॅस चालू असताना झुरळांवर स्प्रे. बहुतेक डब्यांत औषध बाहेर ढकलायला पेट घेणारा वायू असतो. स्वयंपाकघरात मी जेलच लावतो: रात्री, ओटा कोरडा करून, मोहरीएवढे ठिपके. त्यावर पुन्हा स्प्रे मारू नका, झुरळं जेल खाणार नाहीत.

मोरीत झुरळं म्हणून ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र. क्लोरीन वायू बनतो. कधीच नाही.

कपाटात राहिलेली जुनी बाटली. डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. कुणी "जुनं आणि जालीम" म्हणून दिलं तर घेऊ नका. नवीन डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

औषध पाण्याच्या बाटलीत काढून ठेवणं. मूळ डबा सोडून कशातही नाही.

उंदरांसाठी ब्रेडला पिवळ्या फॉस्फरसचं मलम. मुलाच्या तोंडात गेलं तर एक-दोन दिवस ते ठणठणीत वाटतं आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. माझी पसंती पिंजऱ्याला. लेंड्या कोरड्या झाडू नका, जंतुनाशकाने ओल्या करून हातमोजे घालून पुसा.

मत्स्यालय उघडं ठेवून फवारणी. मासे मरतात. झाकण लावा, हवेचा पंप बंद करा.

आग्या मोहोळाखाली धूर किंवा दगड. माश्या उठल्या की पळा, घरात शिरा, खिडक्या लावा. काटा नखाने लगेच खरवडून काढा. धाप लागली, ओठ सुजले, गरगरलं तर तडक रुग्णालय.

कुणाच्या पोटात औषध गेलं तर ओकारी काढू नका, विशेषतः रॉकेलयुक्त फवाऱ्यात, कारण ते फुप्फुसात जातं. मीठपाणी, दूध, लिंबू नको. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 वर आहे. डॉक्टरकडे जाताना डबा किंवा लेबल सोबत न्या, निदान मोबाइलवर त्याचा फोटो घ्या.

आणि पेस्ट कंट्रोलवाला बोलावताना भाव विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोणतं औषध, किती तास घराबाहेर थांबायचं, आणि कृषी खात्याचा परवाना आहे का. 1968 च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे तो लागतो. औषधाचं नाव सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याला दारातूनच परत पाठवा.