राजगड-तोरण्याआधी पारसिक हिल

राजगड ते तोरणा असा लांबचा ट्रेक ठरला असेल, तर महिनाभर आधीपासून नवी मुंबईत बेलापूरच्या पारसिक हिलवर भरलेली सॅक घेऊनच चढा. वजनाला पाण्याच्या बाटल्या बऱ्या: लिटरला किलो, आणि गुडघे कुरकुरलेच तर वरच्या झाडांना पाणी घालून हलकं होता येतं. उतरताना मात्र रिक्षा करू नका. मांड्या भरून येतात त्या उतारानेच. बूट-मोजे ट्रेकला नेणार तेच घाला. नखं कापलेली हवीत, नाहीतर अंगठा बुटात आपटून काळा पडतो. आणि मनाची तयारी? खाली पोचलात, चहाची टपरी दिसली, की परत एकदा वर. तेही हेडफोन न लावता. कारण ट्रेकला दुपारच्या उन्हात, दोन गडांमधल्या डोंगराच्या लांब सोंडेवर, पायांच्या आधी डोकंच कंटाळतं.