ब्रिटिश नौदलावरील जुन्या चित्रफिती: पाहताना आणि वापरताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या सभागृहात मी ब्रिटिश नौदलाच्या जुन्या चित्रफिती दाखवत होतो. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेतील प्लेट नदीच्या मुखाजवळ झालेल्या लढाईचे म्हणून एक कृष्णधवल दृश्य मी पडद्यावर आणले आणि ‘अकिलीस’ या क्रूझरच्या तोफा कशा धडाडत होत्या, याचे वर्णन रंगवून करू लागलो. दुसऱ्या रांगेतील एक निवृत्त नौसैनिक शांतपणे म्हणाले, “अहो साहेब, ही तर आमची दिल्ली. एकोणचाळीस साली हिला चार तोफमनोरे होते. इथे मोजून बघा.” मी चित्रफीत थांबवून मोजले. तीनच होते.

जानेवारी १९४३ मध्ये ‘अकिलीस’वर बॉम्ब पडून मागील बाजूचा एक तोफमनोरा निकामी झाला होता आणि दुरुस्तीच्या वेळी त्याच्या जागी विमानविरोधी तोफा बसवण्यात आल्या. १९४८ साली हे जहाज भारताने घेतले व त्याचे नाव ‘दिल्ली’ ठेवले. पुढे ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ या १९५६ च्या चित्रपटात ‘दिल्ली’ने स्वतःच्याच पूर्वायुष्याची भूमिका केली. मूळ चित्रपट रंगीत आहे. मला जो तुकडा मिळाला होता त्यातील रंग कोणीतरी काढून टाकले होते, आणि मी तो युद्धकाळातील खरा पुरावा समजून बसलो होतो. या चित्रफितींच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: आपण खालचे शीर्षक आधी वाचतो आणि चौकटीत काय दिसते ते नंतर, किंवा कधीच पाहत नाही.

शीर्षकावर विसंबणे

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘बार्हम’ या युद्धनौकेचा स्फोट. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडी ‘यू-३३१’ने तिला पाणतीर मारले. जहाज एका कुशीवर कलले आणि चार-पाच मिनिटांत दारूगोळ्याचा प्रचंड स्फोट होऊन आठशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शेजारच्या ‘व्हॅलिअंट’ जहाजावर असलेले गोमाँ-ब्रिटिश वृत्तपटाचे छायाचित्रक जॉन टर्नर यांनी हे सारे टिपले. ब्रिटिश नौदल खात्याने ही हानी जानेवारी १९४२ अखेरपर्यंत जाहीर केली नाही आणि चित्रफीत तर त्यानंतरही दडवून ठेवली. ती बाहेर आल्यापासून बुडणाऱ्या कोणत्याही युद्धनौकेची गोष्ट सांगायची झाली की हेच दृश्य जोडण्याची सवय लागली आहे. कलणाऱ्या जहाजाच्या बाजूवरून घसरत जाणारी माणसे आणि त्यांच्यामागे एकाएकी उसळणारा काळा लोळ दिसला, तर शीर्षकात दुसऱ्या कोणत्याही जहाजाचे नाव असले तरी ते ‘बार्हम’च आहे का, हे आधी तपासावे.

गंमत अशी की ही ‘बार्हम’ दुसऱ्या प्रकारच्या गोंधळातही सापडते. कोरोनेल आणि फॉकलंड येथील १९१४ च्या लढायांवर १९२७ साली ब्रिटनमध्ये जो मूकपट निघाला, त्यासाठी नौदलाने खरी जहाजे दिली होती आणि ‘बार्हम’ त्यात फॉकलंडच्या लढाईतील ‘इन्व्हिन्सिबल’ या जहाजाच्या भूमिकेत होती. जहाज खरे, समुद्र खरा, लढाई मात्र घडवून आणलेली. अशी चित्रफीत खोटी ठरत नाही. पण ती १९१४ चा नव्हे, तर १९२७ चा दस्तऐवज आहे आणि त्या नात्याने ती मौल्यवानही आहे. सरकारी माहितीपटांनाही हेच लागू पडते. १९४३ च्या ‘क्लोज क्वार्टर्स’मधील पाणबुडीवरचे लोक खरे नौसैनिक होते, परंतु पाणबुडीच्या पोटात कॅमेऱ्याला मागे सरकायला जागाच नसल्याने आतली दृश्ये स्टुडिओत उभारलेल्या प्रतिकृतीत चित्रित करावी लागली. एखाद्या अरुंद खोलीचे दृश्य भिंतीपलीकडून घेतल्यासारखे दिसत असेल, तर तिथे भिंत नव्हतीच असे समजावे.

टोपी, निशाण आणि जहाजावरचा क्रमांक न वाचणे

चित्रफीत थांबवून एखाद्या खलाशाच्या टोपीकडे नीट पाहिले, तर काळ ठरवण्याचे अर्धे काम तिथेच होते. ब्रिटिश खलाशाच्या गोल टोपीभोवती काळी पट्टी असते आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत जहाजाचे नाव विणलेले असते. दुसऱ्या महायुद्धात मात्र शत्रूला जहाजांच्या हालचाली कळू नयेत म्हणून नाव गाळून पट्टीवर फक्त ‘एच.एम.एस.’ (‘हिज मॅजेस्टीज शिप’, म्हणजे राजाचे जहाज) एवढीच अक्षरे ठेवण्यात आली. त्यामुळे ‘१९३५ सालचे नौदल’ असे शीर्षक असलेल्या चित्रफितीत सगळ्यांच्या टोप्यांवर नुसतीच तीन अक्षरे असतील, तर शीर्षकाचे साल चुकलेले असण्याचा संभव फार मोठा आहे.

दुसरी खूण जहाजाच्या बाजूवर रंगवलेल्या क्रमांकाची. १९४८ मध्ये या क्रमांकांच्या पद्धतीत मोठा बदल झाला. विनाशिकांना ‘डी’ आणि फ्रिगेटांना ‘एफ’ हे अक्षर आले. चीनमधील यांगत्से नदीत १९४९ साली अडकून पडलेली प्रसिद्ध ‘अमेथिस्ट’ युद्धकाळात ‘यू १६’ होती, ती पुढे ‘एफ ११६’ झाली. म्हणजे जहाज तेच असले तरी क्रमांकावरून चित्रीकरण बदलाच्या आधीचे की नंतरचे, हे कळते. अटलांटिकमधील काफिल्यांचे रक्षण करणाऱ्या लहान कॉर्व्हेट जहाजांवर युद्धकाळात ‘के’ हे अक्षर असे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अक्षरे किंवा आकडे उलटे दिसले, तर कोणीतरी चौकट आरशासारखी फिरवली आहे. अशा वेळी जहाज डावीकडे जात होते की उजवीकडे, यावर कोणताही निष्कर्ष बांधू नये.

निशाणाचा नियम सोपा आहे, पण त्याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या जवळचा आहे. पांढरे निशाण नौदलाचे, लाल निशाण व्यापारी जहाजांचे. ‘वेस्टर्न अॅप्रोचेस’ या १९४४ च्या रंगीत चित्रपटातील माणसे व्यापारी जहाजांवरची आहेत. त्यांना नौदलाचे सैनिक म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. मात्र १९२८ पासून हिंदुस्थानच्या सागरी दलाच्या जहाजांवरही तेच पांढरे निशाण फडकत असे. या दलाला १९३४ मध्ये ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव मिळाले आणि रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान खलाशांची त्यात जुनी परंपरा होती. तेव्हा पांढरे निशाण आणि हिंदी चेहरे एकत्र दिसले, की ‘ब्रिटिश जहाजावरचे नोकर’ अशी नोंद करण्याआधी जहाजाच्या नावापुढे ‘एच.एम.एस.’ आहे की ‘एच.एम.आय.एस.’ (यातला ‘आय’ इंडियनचा), हे शोधावे. त्या एका ‘आय’ने संपूर्ण चित्रफितीचा संदर्भ बदलतो.

धावपळ खरी मानणे

१८९८ साली अल्फ्रेड वेस्ट यांनी ‘क्रेसेंट’ या जहाजावर जाऊन खलाशांचे चित्रीकरण केले, तेव्हा कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवावी लागे आणि सेकंदाला साधारण सोळा चौकटी (फ्रेम) पडत. तीच फीत सेकंदाला चोवीस चौकटींनी दाखवली, की वेग दीडपट होतो आणि शिस्तीचे नौदल सर्कशीतल्या विदूषकांचे वाटू लागते. हा दोष ओळखण्याची माझी रीत साधी आहे. संचलनाचे दृश्य शोधावे आणि दहा सेकंदांत किती पावले पडतात ते मोजावे. ब्रिटिश नौदलाच्या जलद संचलनात मिनिटाला ११६ च्या आसपास पावले पडतात, म्हणजे दहा सेकंदांत एकोणीस-वीस. मोजणी एकोणतीसपर्यंत गेली, तर वेग चुकला आहे. व्हिडिओच्या मांडणीत तो ०.६५ किंवा ०.७ वर आणून पुन्हा मोजावे.

आवाज आणि रंग पुरावा म्हणून घेणे

याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. मूकपटाच्या काळातील चित्रफितीत तोफेचा आवाज ऐकू आला, तर तो नंतर चढवलेला आहे. युद्धकाळातील समुद्रावरचे बरेच चित्रीकरणही निःशब्दच होत असे. आवाज, संगीत आणि निवेदन लंडनमध्ये जोडले जाई. रंगांबाबत हल्ली संगणकाने रंगवलेल्या आणि चौकटी वाढवून गुळगुळीत केलेल्या प्रतींचा सुळसुळाट झाला आहे. अशा प्रतीवरून गणवेशाचा किंवा जहाजाच्या रंगसंगतीचा अभ्यास करणे म्हणजे रंगाऱ्याच्या कल्पनेचा अभ्यास करणे होय.

कामाचा अर्थ आपल्या मनाने लावणे

रोजच्या जीवनाच्या चित्रफिती लढायांपेक्षा मला अधिक आवडतात, आणि सर्वाधिक गैरसमज त्यांच्याच बाबतीत होतात. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या एखाद्या चित्रफितीत चित्रविचित्र टोप्या आणि फाटके कपडे घातलेले, चेहरे काळे झालेले खलाशी धावत आहेत आणि बाजूला बँड वाजतो आहे, असे दिसले की पाहणारा त्याला जत्रा किंवा नाटक समजतो. प्रत्यक्षात ते जहाजात कोळसा भरणे असते, आणि ते आरमारातील सर्वांत घाणेरडे काम होते. सुमारे शंभर किलोची पोती भरून, उचलून, कोठारात रिकामी करण्यासाठी जवळजवळ सारे जहाज जुंपले जाई; चांगला गणवेश खराब होऊ नये म्हणून हाताला येतील ते जुने कपडे चढवले जात आणि माणसांचा हुरूप टिकावा म्हणून बँड वाजवला जाई. तेलावर चालणारी जहाजे वाढत गेली तसे हे दृश्य दुर्मीळ होत गेले.

टेबलाशी बसून बटाटे सोलणारा खलाशी शिक्षा भोगत असेलच असे नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक मेसमधील, म्हणजे एका टेबलाशी जेवणाऱ्या गटातील, माणसे पाळीपाळीने आपल्या टेबलाचा शिधा चिरून-सोलून तयार करीत आणि ते भांडे शिजवण्यासाठी मुदपाकखान्यात नेऊन देत. डाव्या बाहीवरचे उलट्या त्रिकोणासारखे पट्टे हे हुद्द्याचे नसून सद्वर्तनासह केलेल्या सेवेचे असतात. तीन पट्टे म्हणजे सार्जंट, हे भूदलाचे गणित इथे चालत नाही. अधिकाऱ्यांच्या मनगटावरील पट्टे सरळ असतील तर तो नियमित नौदलाचा. नागमोडी असतील तर स्वयंसेवक राखीव दलाचा, म्हणजे कालपरवापर्यंत वकिली किंवा शिक्षकी करणारा माणूसही असू शकतो.

रमवाटपाचे दृश्य तर हमखास असते. दुपारच्या सुमारास मोठ्या पिंपात रम आणि पाणी मिसळून खलाशांना ठरावीक माप दिले जाई आणि पिंपावर पितळी अक्षरांत राजासाठी किंवा राणीसाठी देवाचा आशीर्वाद मागणारे शब्द असत. त्या अक्षरांत ‘राजा’ असेल, तर चित्रीकरण एलिझाबेथ गादीवर येण्यापूर्वीचे, असा अंदाज बांधता येतो. फक्त जुने पिंप पुढेही वापरात राहिले नसेल ना, याची शंका ठेवावी. ३१ जुलै १९७० रोजी ही प्रथा कायमची बंद झाली, तेव्हा त्यानंतरचे कोणतेही साल शीर्षकात असेल तर ते चुकीचे आहे किंवा दृश्य एखाद्या खास प्रसंगाचे आहे.

हसरे चेहरे म्हणजे समाधान, असे मानणे

नौदलाच्या जहाजावर नौदलाच्या परवानगीवाचून कॅमेरा चढत नव्हता. १९३१ च्या सप्टेंबरात इन्व्हरगॉर्डन येथे आरमारातील खलाशांनी काम नाकारले, कारण जुन्या वेतनश्रेणीवरील साध्या खलाशाचा दिवसाचा पगार चार शिलिंगांवरून तीनवर येणार होता. त्या सुमाराच्या प्रसन्न चित्रफिती पाहताना हा एक शिलिंग आठवावा. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या ‘तलवार’ तळावर खलाशांचे जे बंड पेटले, त्यातही जेवणाची तक्रार अग्रभागी होती. म्हणून जेवणाचे दृश्य पाहताना ताटात काय आहे, इतकेच पाहून थांबू नये. कॅमेरा कोणाच्या मेसमध्ये गेला आहे आणि कोणाच्या नाही, हेही पाहावे.

शोधताना आणि वापरताना

‘ब्रिटिश नेव्ही’ असे टंकून शोध घेतला तर हजारो निरुपयोगी निकाल येतात. जुन्या सूच्यांतील भाषा वापरावी: १९१४ पूर्वीसाठी ‘ब्ल्यूजॅकेट’ किंवा ‘जॅक टार’, नंतरच्या काळासाठी ‘रेटिंग्ज’ (हे सारे साध्या खलाशांसाठीचे शब्द), आणि शक्य तिथे थेट जहाजाचे नाव. इम्पीरियल वॉर म्युझियम आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट या दोन संग्रहांच्या सूच्यांत चित्रीकरणाची माहिती बरीच तपशिलाने दिलेली असते. यूट्यूबवरील शीर्षकाची गाठ आधी त्या नोंदीशी घालून पाहावी. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या काही चित्रफिती ब्रिटनबाहेर उघडत नाहीत, तेव्हा त्यांच्या यूट्यूब वाहिनीवर तीच फीत आहे का, ते पाहावे. ब्रिटिश पाथेने २०१४ साली सुमारे ८५,००० चित्रफिती यूट्यूबवर ठेवल्या, पण पाहायला मोकळ्या म्हणजे वापरायला मोकळ्या नव्हेत. आपल्या लेखात त्यांच्या वाहिनीवरची फीत दुव्याने जोडणे वेगळे आणि ती उतरवून, चिन्ह कापून आपल्या व्हिडिओत घालणे वेगळे. दुसऱ्या प्रकारासाठी परवाना लागतो. तो मागताना चित्रफितीचा सूचीतील क्रमांक आणि हव्या असलेल्या तुकड्याची सुरुवात-शेवटाची वेळ मिनिट-सेकंदांसह कळवावी, नाहीतर पहिला पत्रव्यवहार ‘नेमकी कोणती चित्रफीत?’ एवढे विचारण्यातच जातो.