शिडाच्या होडीवर अँटेना बसवताना
पैठणच्या नाथसागरात शिडाच्या होडीवरून हॅम रेडिओ (हौशी लोकांचा बिनतारी संदेशसंच) वापरणाऱ्या परवानाधारकाने १४५ मेगाहर्ट्झसाठीचा, सुमारे एक मीटर लांबीचा अर्धतरंग (म्हणजे लहरीच्या लांबीच्या निम्मा) अँटेना डोलकाठीच्या टोकावर उभा बसवावा, कारण या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि उंचीने जे साधते ते वॉट वाढवून साधत नाही. होडी फायबरची असली तरी या अँटेनाखाली धातूचा पत्रा लागत नाही. खरी गफलत होते ती जोडाशी: अँटेनापासून रेडिओपर्यंत जाणाऱ्या कोॲक्सियल केबलच्या कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर अशी गुंडाळावी, म्हणजे ओघळणारे पाणी तिच्या थरांत शिरत नाही, केबलचे वजनही कनेक्टरवर न सोडता डोलकाठीला बांधावे. काठावर डोलकाठी उभी करण्यापूर्वी वरून गेलेल्या विजेच्या तारा पाहाव्यात, आणि वळवाचे ढग दाटले तर होडी पाण्यात घालूच नये.